दुसरा जिना

पंपवाले रिटायर झाले त्याला अकरा महिने झाले होते, आणि बायकोला जाऊन सात. मधले चार महिने तेवढे आपल्या रिटायरमेंटचे, असं ते धरून चालत. त्यापुढे जे चाललं होतं त्याला काय म्हणायचं ते त्यांना ठाऊक नव्हतं.

शहराला पाणी देणाऱ्या पंपहाऊसमध्ये त्यांनी चौतीस वर्षं काढली. सहा ते दोन, दोन ते दहा, दहा ते सहा अशा तीन पाळ्या, आणि दर आठवड्याला पाळी फिरायची. पाच मोठे पंप. दर तासाला उठून एकेका पंपाजवळ जायचं, काटा बघायचा, हात लावून गरम किती ते बघायचं, आवाज ऐकायचा आणि ते सगळं वहीत लिहायचं. मग परत बसायचं. बाहेरच्याला वाटायचं, हा माणूस आठ तास नुसता बसून असतो. पण त्या वहीत चौतीस वर्षांत त्यांच्या पाळीचा एकही रकाना कोरा नव्हता, आणि हे ते कुणालाही सांगत नसत, कारण सांगायला लागले की समोरचा जांभई द्यायचा.

निरोपाच्या दिवशी साहेबांनी भाषण केलं आणि सगळ्यांनी मिळून आरामखुर्ची दिली. "आता पाय पसरून बसा," साहेब म्हणाले. खुर्ची इतकी खोल होती की एकदा बसलं की उठायला कुणाचा तरी हात लागायचा. बायको हात द्यायची आणि म्हणायची, "चौतीस वर्षं तुम्ही पाणी वर चढवलंत. आता तुम्हाला वर चढवायला मी."

स्वयंपाकघरात जाऊन उभे राहिले तरी तिला चालायचं नाही. मिक्सर सुरू झाला की हे मान तिरकी करून म्हणायचे, "याचं बेअरिंग बोलायला लागलंय."

"बोलू दे त्याला. या घरात माझ्याशी कुणीतरी बोलतंय." आणि मग, "तुम्ही रिटायर झालात ते बरंच झालं. पण मला कधी करताय?"

तिची नोकरी म्हणजे यांची झोप. रात्रपाळी करून हे सकाळी घरी यायचे आणि जेवून झोपायचे, तेव्हा दोन खोल्यांच्या घरात मुलाला गप्प ठेवायचं काम तिचं. भांडं पडता कामा नये, दाराची कडी वाजता कामा नये. "बाबा झोपलेत, उठवू नको," हे वाक्य तिने दिवसातून किती वेळा म्हटलं असेल याला मोजमाप नाही. मुलगा बोलायला शिकला तेव्हा आधी 'आई' म्हणाला, मग 'बाबा', आणि मग लगेच ओठांवर बोट ठेवून 'शूऽऽ'. हा घरातला विनोद होता.

ती गेली तेव्हा तिच्याजवळ मुलगा होता. पंपवाले घरी होते. दवाखान्यात सहा ते दोन बाप आणि दोन ते दहा मुलगा, अशी त्यांनी पाळी लावली होती, रात्री एक बाई ठेवली होती. त्या दिवशी ते दोनला निघाले, घरी येऊन आडवे झाले. तिनाच्या पुढे कधीतरी फोन वाजला. ते गेले तेव्हा सगळं आवरलेलं होतं. जिन्यापाशी मुलाने त्यांना धरलं आणि सांगितलं, "शांतपणे गेली, बाबा. मी होतो. मी म्हटलं, बाबांना बोलावतो. तर म्हणाली, नको, बाबांना उठवू नको, झोपू दे. चौतीस वर्षं नीट झोपले नाहीत."

या एका वाक्यावर त्यांनी सात महिने काढले. घर खायला उठतं असं लोक म्हणतात. यांचं घर खायला उठत नव्हतं, ते काहीच करत नव्हतं. सकाळी पाचला जाग यायची आणि कुठेही जायचं नसायचं. रजा घ्यावी तर कशातून घ्यायची? मग ते कूस बदलत आणि ते वाक्य मनात म्हणत. झोपू दे. ती सांगून गेली होती, तेव्हा न उठण्यात काही गैर नव्हतं.

रिटायर माणसाला वर्षातून एकदा कचेरीत जाऊन आपण जिवंत आहोत असं लिहून द्यावं लागतं. पंपवाल्यांची ती पहिलीच खेप. खिडकीतल्या बाईंनी फॉर्म पुढे सरकवला.

"काका, जिवंत आहात ना?"

"वाटतंय तरी तसं."

"नुसतं वाटून नाही चालत. सही लागते." त्यांनी संगणकात डोकं घातलं. "आणि इथे पत्नीचं नाव अजून तसंच आहे. त्या आहेत ना?"

"नाहीत."

बाईंचा हात थांबला. "मग नाव काढायला लागेल. दवाखान्याचे कागद असतील ते आणा. घाई नाही, काका. पुढच्या आठवड्यात आणलेत तरी चालेल."

पण पंपवाल्यांना काम मिळालं होतं आणि काम उद्यावर टाकायची त्यांना सवय नव्हती. घरी येऊन त्यांनी कपाटातली फाईल काढली. मुलाने दवाखान्यातून सगळ्या कागदांच्या प्रती घेऊन ती तिथे ठेवली होती. त्यांनी ती कधी उघडली नव्हती. कचेरीला हवा होता तो कागद वरच होता. तो काढून घेतला असता तर काम झालं असतं. दुसऱ्या कुणीही तेच केलं असतं.

खाली नर्सचा तक्ता होता. अर्ध्या-अर्ध्या तासाच्या ओळी आणि उभे रकाने: वेळ, नाडी, रक्तदाब, सलाईन, शेरा. पंपवाल्यांनी चष्मा लावला. असा कागद समोर आला आणि तो पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला नाही, असं त्यांच्या हातून कधी झालं नव्हतं. त्यांनी पहिल्या दिवसापासून सुरुवात केली. नर्स तीन होत्या, अक्षरावरून कळत होतं. सकाळची थोडक्यात लिहायची. दुपारची नीट, प्रत्येक ओळीत 'नातेवाईक जवळ' असं लिहिणारी. ती वाचताना त्यांना बरं वाटलं. चांगली बाई, रकाना कोरा ठेवत नाही.

मग शेवटचा दिवस आला.

१३.३० च्या ओळीत 'नातेवाईक जवळ'. म्हणजे ते स्वतः. १४.०० ला नाडी मंद, डॉक्टरांना बोलावलं, नातेवाईक जवळ नाहीत. १४.१० ला ती गेल्याची नोंद, आणि पुढे परत तेच, नातेवाईक जवळ नाहीत. शेवटची ओळ १४.४० ची होती: मुलगा आला, कळवलं.

त्यांनी चष्मा काढून पुसला आणि परत वाचलं. नर्सने चुकून लिहिलं असेल, असं म्हणून बघितलं. पण खोटी वही त्यांना लांबून कळायची. पाळी संपताना एका बैठकीत भरलेल्या ओळी सारख्याच दाबाच्या, सारख्याच नेटक्या असतात. इथे दोनची ओळ घाईत लिहिली होती, दहा मिनिटांनंतरची सावकाश, आणि त्यानंतरच्या ओळीत पेन बदललं होतं. हे खरं होतं.

म्हणजे मुलगा नव्हता. आणि मुलगा नव्हता, तर ते वाक्यही नव्हतं.

मग कधीतरी, फाईल मांडीवर असतानाच, त्यांना दुसरी गोष्ट कळली आणि ती पहिलीपेक्षा वाईट होती.

पंपहाऊसचा नियम असा की बदली माणूस येऊन चार्ज घेत नाही तोवर जागा सोडायची नाही. नवा माणूस वर येतो, वही वाचतो, सही करतो, मग जुना उतरतो. पंपवाल्यांच्या मागची पाळी एकोणीस वर्षं लांबूची होती. लांबू म्हणजे सहा फुटी बांबू, सायकलवर बसला की सायकल दिसायची नाही. वरच्या खिडकीतून गेट दिसायचं. लांबू गेटमध्ये शिरला की हे वही मिटायचे, पिशवी घ्यायचे आणि उतरायला लागायचे. जिन्यात दोघे समोरासमोर यायचे. "ठीक?" "ठीक." झाला चार्ज. नियमात न बसणारं, पण एकोणीस वर्षांत कधी काही बिघडलं नाही.

दवाखान्याच्या खिडकीतूनही गेट दिसत होतं. दोनला पाच कमी असताना मुलगा मोटारसायकल लावताना त्यांनी बघितला, निळा शर्ट. ते उठले, पिशवी घेतली आणि निघाले. लिफ्टजवळ गर्दी होती म्हणून मागच्या जिन्याने उतरले, तो बसथांब्याला जवळ होता. जिन्यात मुलगा भेटला नाही याचं त्यांना काही वाटलं नाही. तो पुढच्या जिन्याने गेला असेल.

पंपहाऊसला जिना एकच होता. दवाखान्याला दोन होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते पंपहाऊसच्या गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसले. लांबू पाळीवर चालला होता. यांना बघून सायकलवरून उतरला.

"दादा! काय, परत नोकरीला लागताय की काय? या, या. आता वर पडदे लावलेत, टीव्हीसारखे. पंप गरम झाला की पडदा लाल होतो. आपण फक्त लाल झाला की घाबरायचं."

"आवाज कोण ऐकतं?"

"कुणी नाही. मी ऐकतो कधीमधी, चोरून." लांबूने त्यांच्याकडे नीट बघितलं. "जेवलात का? तोंड काय झालंय?"

"एक विचारू? समज, एक जण जागा सोडून उतरला. बदली गेटात दिसली म्हणून उतरला. पण बदलीवाला वर गेलाच नाही, खालीच राहिला. आणि तेवढ्यात पंप गेला. चूक कुणाची?"

"दादा, कुठला पंप गेला?"

"समज म्हटलं ना."

लांबूने घंटीवर अंगठा फिरवला. "नियमाने विचाराल तर उतरणाऱ्याची. चार्ज दिला नाही म्हणजे तो त्याच्याकडेच. चौकशी झाली तर तोच लटकणार. पण दादा, असं तर आपण रोज करत होतो."

"रोज करत होतो," पंपवाले म्हणाले.

लांबूला उशीर होत होता. त्याला अजून काही विचारायचं होतं, पण घड्याळ बघून तो निघाला, आणि जाताना दोनदा मागे वळून बघितलं. पंपवाले चहा न पिताच उठले.

मुलगा दर रविवारी अकराला यायचा. त्या रविवारीही आला. हातात सुनेने दिलेला डबा, कपाळावर हेल्मेटचा वळ.

"बाबा, मागच्या रविवारचे बटाटे तसेच आहेत फ्रिजमध्ये. ती विचारते, मी वाईट करते का?"

"चांगले होते म्हणून सांग."

"खाल्ले नाहीत तर चांगले कसे कळले? खोटं बोलायला पण धड येत नाही तुम्हाला."

पंपवाल्यांनी तीन दिवस ठरवलं होतं की काही बोलायचं नाही. पोराने बापासाठीच केलं होतं, ते तसंच राहू द्यायचं. तक्ता फाडून टाकावा असंही एकदा मनात आलं, पण वहीचं पान फाडायला हात धजला नाही. आणि आता पोरगा समोर उभा राहून डब्यातले आजचे बटाटे भांड्यात ओतत होता, तर त्यांना वाटलं, हा हेच घेऊन सात महिने येतोय. दर रविवारी. डब्याबरोबर.

"तू खाली कुठे होतास रे?" ते म्हणाले.

मुलाने वळून बघितलं.

"त्या दिवशी. पाच कमी दोनला गाडी लावलीस. वर आलास ते दोन चाळीसला. मधे कुठे होतास?"

भांडं मुलाच्या हातात होतं. त्याने ते ओट्यावर ठेवलं, कसलाही आवाज न करता. या घरात वाढलेल्या माणसाला तशीच सवय होती.

"कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. लिहिलेलं आहे."

मुलगा खाली फरशीवरच बसला, ओट्याला पाठ टेकून. पस्तिशीला टेकलेला माणूस, पोट सुटलेलं.

"पार्किंगच्या मागे बाक आहे ना, तिथे," तो म्हणाला. "आदल्या दिवशी डॉक्टरांनी मला सांगितलं होतं, एखाद-दोन दिवस. तुम्हाला नव्हतं सांगितलं. मी गाडी लावली आणि पाय उचलेना, बाबा. म्हटलं पाच मिनिटं बसतो. तुम्ही आहातच वर, तुम्ही काय बदली आल्याशिवाय हलणारे नाही. सगळ्या जगाने जागा सोडली तरी माझा बाप सोडणार नाही. या भरवशावर मी बसलो तिथे. मग म्हटलं अजून पाच."

पंपवाल्यांनी ओट्यावरचं भांडं आत सरकवलं.

"वर गेलो तर तुम्ही नाहीत आणि ती..." मुलाने हाताने तोंड पुसलं. "मला वाटलं, तुम्ही ती गेल्यावर कुठेतरी जाऊन बसलात. तर नर्स म्हणाली, जवळ कुणीच नव्हतं. तुम्हाला हे कसं सांगू? मग आलं तोंडात ते सांगितलं."

"चूक माझी आहे. चार्ज न देता उतरलो मी."

"चार्ज कसला, बाबा! आई आहे ती. पंप नाही."

"नियम तोच."

"नियम घाला चुलीत! मी पंचेचाळीस मिनिटं खाली बसलो. मुलगा असून. आणि तुम्ही म्हणता चूक तुमची? तेवढी तरी माझी राहू दे की."

"तुझी कशी? तू चार्ज घेतलाच नव्हतास."

"घेतला नाही हीच तर चूक!"

दोघांचे आवाज चढले होते. शेजारच्या बाई दारात येऊन परत गेल्याचं दोघांनाही कळलं. ज्या घरात तीस वर्षं कुणी मोठ्याने बोललं नव्हतं तिथे बापलेक एका चुकीवर हक्क सांगत भांडत होते. मग दोघेही एकदमच दमले.

पंपवाले गुडघ्यावर हात ठेवून हळूहळू मुलाशेजारी फरशीवर बसले. मग म्हणाले, "तेच वाक्य का सांगितलंस?"

"दुसरं कुठलं येणार? लहानपणापासून तेच ऐकलंय." मुलाने त्यांच्याकडे बघितलं नाही. "ती खरंच काही म्हणाली असेल का हो? शेवटी?"

पंपवाले "मला काय ठाऊक" म्हणणार होते. पण तोंड उघडलं आणि शब्द बाहेर पडेना, कारण त्यांना ठाऊक होतं. सात महिने दुसरं वाक्य त्या जागी बसलेलं होतं, म्हणून हे मागे कुठेतरी पडून राहिलं होतं. ते पिशवी उचलत होते. "आला बघ तो, मी निघतो," असं म्हणाले होते. तिचे डोळे मिटलेले होते. तिने ते उघडलेही नाहीत.

"किल्ली घेतलीत का, म्हणाली," ते म्हणाले.

"काय?"

"मी निघालो तेव्हा. किल्ली घेतलीत का."

मुलगा आता वळला. "आणि?"

"आणि काय?"

"घेतली होती?"

पंपवाल्यांना आठवायला जरा वेळ लागला. "नव्हती," ते म्हणाले. "मी हो म्हटलं. घरी येऊन बघतो तर खिशात नाही. शेजारच्या बाईंकडून दुसरी घेतली."

मुलाच्या घशातून एक आवाज आला. हसण्यासारखा होता, पण पुढे तो हसण्यासारखा राहिला नाही. त्याने डोकं गुडघ्यात घातलं. पंपवाल्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तसाच ठेवला. काय बोलावं हे त्यांना कधीच सुचायचं नाही, ते खातं तिचं होतं.

मग मुलाने उठून बटाटे गरम केले. दोघांनी जेवून घेतलं. तीन वाजता तो म्हणाला, जातो, पोरीला क्लासला सोडायचंय. दारात जरा घुटमळला. "बाबा, पुढच्या रविवारी येऊ ना?"

"म्हणजे काय? ये की. तिला सांग, खाल्ले. खरंच खाल्ले."

तो गेल्यावर पंपवाल्यांनी दोन ताटं विसळली, ओटा पुसला. दुपार अजून बरीच शिल्लक होती. ते पलंगावर आडवे झाले आणि सवयीने ते जुनं वाक्य मनात आणून बघितलं. ते आता मुलाच्या आवाजात आलं. मग त्यांनी दुसरं आणून बघितलं, आणि ते तिच्याच आवाजात आलं, थोडं वैतागलेलं, झोपाळू, रोज दारातून विचारायची तसं. त्यात झोपा असं काही नव्हतं, माफ केलं असंही नव्हतं. बाहेर चाललेल्या माणसाला विचारतात तेवढंच होतं.

झोप लागली नाही. चार वाजता ते उठून बसले, आणि कुठे जायचं ते ठरलेलं नसतानाच पायात चपला घातल्या.